बोका तोच, आवाज वेगळा

१९ जून १९७८ रोजी अमेरिकेतल्या ४१ वर्तमानपत्रांत एक लठ्ठ, नारिंगी, कमालीचा आळशी बोका दाखल झाला. थोड्याच काळात ‘शिकागो सन-टाइम्स’ने ती चित्रपट्टी बंद केली. लगेच तक्रारी सुरू झाल्या. १३०० वाचकांनी आपला राग संपादकांपर्यंत पोहोचवला आणि पट्टी परत आली. गारफिल्डबद्दल सामान्य वाचकांनी दिलेला हा पहिला जाहीर निकाल. पुढे हा बोका छापील चौकटींतून अनेकदा बाहेर पडला, टीव्हीवर गेला, सिनेमात गेला, आणि दर वेळी लोकांनी त्याला दारात अडवून विचारलं, की तू आमचाच का?

हा प्रश्न सर्वांत तावातावाने विचारला गेला तो ‘द गारफिल्ड शो’च्या वेळी. ही मालिका २००८ च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये सुरू झाली आणि २ नोव्हेंबर २००९ पासून अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर दिसू लागली. आधीची ‘गारफिल्ड अँड फ्रेंड्स’ ही मालिका डिसेंबर १९९४ मध्ये संपली होती. मधल्या चौदा वर्षांत तिचे बालप्रेक्षक नोकरीला लागले होते, काहींना स्वतःची मुलंही झाली होती. ते मोठ्या आशेने टीव्हीपुढे बसले. समोर आला तो हाताने काढलेला गारफिल्ड नव्हता. संगणकाने घडवलेला, गोलाई आणि सावल्या असलेला त्रिमित बोका होता. आवाजही ओळखीचा नव्हता. निर्मितीचं मुख्य काम पॅरिसच्या दार्गो मीडियाकडे गेलं होतं. कुणी हिरमुसले, कुणी चिडले, कुणी दोन भाग पाहून सोडून दिलं. आणि त्यांच्याच घरातली लहान मुलं मात्र खिळून बसली.

या सगळ्या प्रतिक्रिया एकत्र ठेवून पाहिल्या की एक गोष्ट जाणवते. मोठ्यांची तक्रार बहुतेक वेळा चित्राबद्दल असते. हे रंग प्लॅस्टिकसारखे आहेत, हा चेहरा रबरी आहे, जुन्या रेषेची मजा गेली, असं ते म्हणतात. पण तक्रारीच्या मुळाशी गेलं तर दुखावलेला असतो तो कान. आणि मालिकेची खरी कमजोरी चित्रातही नाही, आवाजातही नाही. ती गोष्टीच्या घडणीत आहे. हे नीट समजून घ्यायचं तर आधी हा बोका कसा घडला ते पाहायला हवं.

जिम डेव्हिस यांचा जन्म १९४५ चा, इंडियाना राज्यातला. फेअरमाउंटजवळच्या शेतावर ते वाढले. तिथे पंचवीसेक मांजरं होती. लहानपणी दम्यामुळे बराच वेळ अंथरुणात जायचा आणि त्या वेळात ते चित्रं काढायचे. पुढे त्यांनी एका चिलटावर चित्रपट्टी काढली, ती स्थानिक वर्तमानपत्रापलीकडे गेली नाही. किड्याशी वाचकाचं नातं जुळत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. वर्तमानपत्रांत कुत्रे भरपूर होते, मांजरं कमी होती. तेव्हा मांजर निवडायचं ठरलं, आणि त्याला आजोबांचं नाव मिळालं. चालेल, खपेल असं पात्र आपल्याला घडवायचं होतं हे डेव्हिस यांनी कधी लपवलं नाही. राजकारण, चालू घडामोडी, एखाद्या प्रदेशापुरते संदर्भ त्यांनी ठरवून बाजूला ठेवले. खाणं, झोपणं, सोमवारचा कंटाळा, वजनकाट्याची भीती, एकट्या मालकाची केविलवाणी धडपड, एवढंच उरलं. हे कुठल्याही देशात, कुठल्याही वर्षी कळतं. म्हणून तर २००२ साली २,५७० वर्तमानपत्रांत छापली जाणारी पट्टी म्हणून तिची गिनेस बुकात नोंद झाली.

या निवडीचा प्रतिक्रियांवर मोठा परिणाम झाला. पात्र इतकं मोकळं ठेवलं की प्रत्येक वाचक त्यात आपापला गारफिल्ड भरतो. एकाला तो गोड, गुबगुबीत खेळण्यातला बोका वाटतो. दुसऱ्याला तो जगाकडे अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी पाहणारा, कुणाचीही भीड न बाळगणारा टीकाकार वाटतो. तिसऱ्याला त्या घरातलं एकटेपण दिसतं. १९८९ च्या ऑक्टोबरात डेव्हिस यांनी हॅलोविनच्या आधीच्या आठवड्यात गारफिल्डला रिकाम्या, ओसाड घरात जागं केलं होतं. ना त्याचा मालक जॉन, ना कुत्रा ओडी, घर कित्येक वर्षं बंद असल्यासारखं. ते सहा दिवस वाचकांच्या मनातून अजून गेलेले नाहीत. २००८ साली, म्हणजे नेमक्या मालिका सुरू होण्याच्या वर्षी, आयर्लंडच्या डॅन वॉल्श यांच्या ‘गारफिल्ड मायनस गारफिल्ड’चं पुस्तक निघालं. त्यांनी जुन्या पट्ट्यांतून बोकाच पुसून टाकला होता. उरला फक्त जॉन, स्वतःशी बोलणारा, तुटत चाललेला एक माणूस. डेव्हिस यांनी या प्रयोगाला आडकाठी केली नाही, उलट दाद दिली. प्रौढ वाचकांना गारफिल्डमध्ये काय शोधायचं होतं हे त्या पुस्तकावरून कळतं. त्याच वर्षी टीव्हीवर मात्र लखलखीत रंगांची, मुलांची मालिका येत होती. या दोन अपेक्षांची गाठ पडणं शक्यच नव्हतं.

आता चित्राकडे येऊ. ‘मूळ’ गारफिल्ड म्हणून लोक ज्याची आठवण काढतात तो कोणता? १९७८ चा गारफिल्ड आज पाहिला तर अनोळखी वाटतो. गाल लोंबलेले, डोळे बारीक, शरीर पोत्यासारखं, चालणं चार पायांवर. मोठे डोळे, सुटसुटीत देह आणि दोन पायांवर उभं राहणं हे नंतर आलं, आणि त्यातला मोठा वाटा टीव्हीचाच. पहिला टीव्ही विशेष कार्यक्रम ‘हिअर कम्स गारफिल्ड’ तयार होत होता तेव्हा बोक्याला दोन पायांवर नाचवायचं कसं यावर काम अडलं होतं. ‘पीनट्स’चे चार्ल्स शुल्झ त्याच स्टुडिओत होते. मांजरीचे चिमुकले पाय ठेवलेत तर तो उभा कसा राहील, असं म्हणून त्यांनी त्याला मोठे, माणसासारखे पाय काढून दिले. ही हकिकत स्वतः डेव्हिस यांनी सांगितली आहे. आपण ज्याला कागदावरचा अस्सल गारफिल्ड समजतो, त्याच्या पायाखाली टीव्हीच्या गरजेने घडवलेले पाय आहेत.

तरीही लोकांनी तो बदल आनंदाने घेतला. १९८८ च्या ‘गारफिल्ड: हिज नाइन लाइव्हज’मध्ये तर प्रत्येक जन्मासाठी चित्रशैलीच बदलली होती. ‘डायनाज पियानो’ या भागात तर ओळखीचा नारिंगी बोका दिसतही नाही. एका मुलीबरोबर वाढणारी, म्हातारी होणारी आणि तिच्या पियानोच्या सुरांत मरणारी मांजर आहे. त्या भागाने रडवलेले प्रेक्षक अजून त्याच्याबद्दल बोलतात. म्हणजे चित्र बदललं की गारफिल्ड संपतो, हे खरं नाही. प्रेक्षक पुष्कळ मोठे बदल पचवतात.

जे पचवणं जड गेलं ते वेगळं होतं.

२५ ऑक्टोबर १९८२ रोजी सीबीएसवर ‘हिअर कम्स गारफिल्ड’ दाखवला गेला. ‘पीनट्स’चे कार्यक्रम करणारी ली मेंडेलसन आणि बिल मेलेंडेझ यांची जोडी त्यामागे होती. गारफिल्डचा आवाज होता लोरेन्झो म्युझिक यांचा. हे गृहस्थ मूळचे लेखक, ‘द बॉब न्यूहार्ट शो’च्या निर्मात्यांपैकी एक. ‘ऱ्होडा’ या मालिकेत ते कार्लटन नावाच्या दरवानाचा आवाज देत. तो दरवान पडद्यावर धड दिसत नसे, फक्त ऐकू येई. गारफिल्डसाठी याहून नेमकी तयारी कुठली असणार? पट्टीत गारफिल्ड बोलत नाही, विचार करतो. त्याचे शब्द ढगासारख्या फुग्यात येतात. टीव्हीवरही त्या काळात त्याचं तोंड हलत नसे. बंद ओठांचा बोका आणि त्याच्या डोक्यातून थेट आपल्या कानात येणारा सावकाश, सपाट, झोपाळलेला, तरी आतून मिस्किल आवाज. तो आवाज जॉनला ऐकू जात नाही, आपल्याला जातो. प्रेक्षक आणि बोका यांच्यात एक गुपित तयार होतं. टीव्हीवरच्या गारफिल्डचा गाभा मला तिथे दिसतो.

१७ सप्टेंबर १९८८ पासून शनिवारी सकाळी ‘गारफिल्ड अँड फ्रेंड्स’ सुरू झाली आणि १२१ भाग चालली. बहुतेक लेखन मार्क इव्हॅनियर यांचं. मोठ्यांच्या आठवणीत ही मालिका इतकी घट्ट बसली त्याचं श्रेय आवाजाइतकंच या लेखकाला आहे. अमेरिकेतल्या मुलांच्या कार्यक्रमांत त्या काळी सगळ्यांनी मिळून-मिसळून वागावं, गटापासून वेगळं वागणारा शेवटी चुकीचा ठरावा, असा आग्रह असे. इव्हॅनियर यांना तो पटत नव्हता. त्यांनी ‘बडी बेअर्स’ नावाची तीन अस्वलं आणली. ती सदैव एकमत असतात, एकसुरात गातात आणि असहमत होणाऱ्याला सरळ करतात. शनिवारी सकाळी दात न घासता टीव्हीपुढे बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाला हे कार्यक्रम सांगत होता, की तुझं मत वेगळं असलं तरी चालेल. ही मुलं पुढे मोठी झाल्यावर गारफिल्डबद्दल इतक्या हिरिरीने का बोलतात, हे यावरून समजावं.

लोरेन्झो म्युझिक ऑगस्ट २००१ मध्ये कर्करोगाने गेले. त्यानंतरचा प्रत्येक गारफिल्ड त्यांच्या तुलनेत ऐकला गेला. २००४ च्या चित्रपटात बिल मरे यांनी आवाज दिला. योगायोग असा, की ‘घोस्टबस्टर्स’मध्ये मरे यांनी साकारलेल्या पीटर व्हेंकमनला कार्टून मालिकेत आधी म्युझिक यांनीच आवाज दिला होता. मरे यांचा आवाज जातकुळीने जवळचा होता. त्या चित्रपटावर समीक्षक तुटून पडले, पण आवाजावर फारसं कुणी रागावलं नाही. आवाज जवळचा असला तर लोक बरंच काही माफ करतात, याचा हा पुरावाच म्हणायचा.

‘द गारफिल्ड शो’मध्ये फ्रँक वेल्कर आले. ते कुणी उपरे नव्हते. १९६९ पासून ‘स्कूबी-डू’तला फ्रेड, ‘ट्रान्सफॉर्मर्स’मधला मेगाट्रॉन, आणि शेकडो प्राण्यांचे आवाज काढणारा हा माणूस ‘गारफिल्ड अँड फ्रेंड्स’च्या ‘यू.एस. एकर्स’ या शेतावरच्या उपकथेतही होता. शिवाय त्या ‘घोस्टबस्टर्स’ कार्टूनमध्ये तो म्युझिक यांच्याबरोबरच काम करत होता. ज्याची जागा घ्यायची त्याला इतक्या जवळून ऐकलेला दुसरा कलावंत मिळणं कठीण होतं. वेल्कर यांनी नक्कल केली नाही. त्यांनी जुन्या आवाजाची जड, संथ छटा ठेवली आणि त्यात थोडी चपळाई, थोडा उत्साह मिसळला. अकरा-बारा मिनिटांच्या धावपळीच्या गोष्टीला ते लागणारच होतं. पण जुन्या प्रेक्षकांना नेमकी ती चपळाई खटकली. गारफिल्डला इतकी घाई कधीपासून लागली, असं त्यांना वाटलं. ओडीचा आवाज ऐंशीच्या दशकापासूनचे ग्रेग बर्गरच देत होते. त्याबद्दल कुणाची काहीच तक्रार नव्हती. जॉनसाठी थॉम ह्यूज यांच्या जागी वॉली विंगर्ट आले, तेही लवकर स्वीकारले गेले. वाद पेटला तो एकाच आवाजावर, कारण प्रेक्षकांचं गुपित त्या एकाच आवाजाशी होतं.

फ्रान्समधली गोष्ट अगदी वेगळी. तिथे गारफिल्ड ऐंशीच्या दशकापासून दार्गोच्या आल्बमांतून वाचला जातो. टीव्हीवर तो फ्रेंच बोलतो. लोरेन्झो म्युझिक यांच्या आवाजाचं ओझं त्या प्रेक्षकांच्या मनावर नव्हतंच. ‘फ्रान्स ३’ या सार्वजनिक वाहिनीवर मुलांच्या वेळेत ही मालिका आली आणि घरचीच म्हणून पाहिली गेली. कॉमिकमधलं पात्र पडद्यावर येणं ही त्या देशात जुनी, रुळलेली गोष्ट आहे. ‘आस्टेरिक्स’ आणि ‘लकी ल्यूक’ हे त्याच वाटेने गेले. ज्याला अमेरिकन प्रौढ प्रेक्षक ‘परक्यांनी केलेला बदल’ म्हणत होता, ते फ्रेंच घरात नेहमीचं होतं. प्रतिक्रिया जगभर एकसारखी होती असं मानून लिहिणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा.

आणखी एक गट आहे ज्याला मालिका कशीही केली असती तरी आवडली नसती. त्याचा राग गारफिल्डवरच आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत मोटारींच्या काचांना रबरी चकत्यांनी चिकटवलेले गारफिल्ड सगळीकडे दिसत. कप, घड्याळं, चादरी, टेलिफोन, सगळ्यांवर तोच. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर तीस-पस्तीस वर्षं नारिंगी गारफिल्ड-टेलिफोनचे तुकडे लाटांबरोबर येत राहिले. ते कुठून येतात याचा उलगडा २०१९ मध्ये समुद्रातल्या एका गुहेत अडकलेल्या मालवाहू कंटेनरच्या अवशेषांनी झाला. खेळण्यांचा सुकाळ इतका झाला होता, की पुढे डेव्हिस यांनीच तो आवरता घेतला. याच काळात बिल वॉटरसन यांनी ‘कॅल्व्हिन अँड हॉब्ज’ची एकही बाहुली बाजारात येऊ दिली नाही. चित्रपट्टीवर गंभीरपणे प्रेम करणाऱ्यांना वॉटरसन आदर्श वाटले आणि डेव्हिस दुकानदार. या वाचकांच्या लेखी नवी मालिका म्हणजे त्याच दुकानातला नवा माल. त्यांची भूमिका मला समजते. पण एखादं पात्र विकलं जातं एवढ्यावरून त्याची गोष्ट वाईट ठरत नाही. गोष्ट पाहूनच तिच्याबद्दल बोलावं.

पुनरागमनाचा हा खेळ इतर बोक्यांच्या वाट्यालाही आला आहे, आणि तिथले निकाल या वादावर बराच उजेड टाकतात. फेलिक्स हा बोका तर टीव्हीच्या जन्मापासूनचा. आरसीएच्या सुरुवातीच्या प्रयोगांत फिरत्या चकतीवर ठेवलेली त्याची बाहुली प्रक्षेपित केली जात असे. १९१९ मध्ये मूकपटांतून आलेला, १९२३ पासून चित्रपट्टीत गेलेला हा बोका १९५८ मध्ये जो ओरिओलो यांनी टीव्हीवर आणला. जादूची पिशवी, प्रोफेसर, पॉइंडेक्स्टर, असा सगळा नवा संसार आणि २६० छोटे भाग. मूकपटांच्या भाविकांना त्यात ऑटो मेस्मर यांच्या स्वप्नवत, शेपटीचं प्रश्नचिन्ह करणाऱ्या फेलिक्सचा मागमूसही दिसला नाही. पण त्या पिढीच्या मुलांसाठी जादूची पिशवी हाच फेलिक्स. मग १९९५ मध्ये ‘द ट्विस्टेड टेल्स ऑफ फेलिक्स द कॅट’ आली. तिने जुन्या विचित्र, वितळत्या जगाकडे झेप घेतली. चित्रकलेच्या दृष्टीने ती अप्रतिम होती. दुसऱ्या वर्षी मात्र तिला सरळ गोष्टींकडे आणि जादूच्या पिशवीच्या सवंगड्यांकडे वळावं लागलं. कुठला फेलिक्स मूळचा, या प्रश्नाला दोन पिढ्यांची दोन उत्तरं होती आणि मालिका दोघांच्या मध्ये ओढली गेली.

हीथक्लिफचं उदाहरण उलटं आहे. जॉर्ज गेटली यांचा हा दांडगा बोका १९७३ चा, म्हणजे गारफिल्डच्या आधीचा. १९८४ मध्ये डीआयसी या फ्रेंच मुळाच्या कंपनीने त्याची मालिका केली तेव्हा भंगारच्या आवारात राहणाऱ्या मांजरांची एक पूर्ण नवी टोळी तिला जोडली. पट्टीत ती टोळी नव्हतीच. तरी प्रेक्षकांनी तिला मनापासून आपलंसं केलं. मेल ब्लँक यांच्यासारखा आवाज असल्यावर तक्रारीला जागा कमी होती, हेही खरं. साठच्या दशकातल्या ‘क्रेझी कॅट’च्या टीव्ही भागांबद्दल मात्र फार सांगण्यासारखं नाही. मूळ पट्टी काढणाऱ्या हेरिमन यांची कविता त्या घाईच्या कार्टूनांत शिरली नाही.

आता मालिकेकडे परत. माझं मत असं, की ‘द गारफिल्ड शो’वर झालेला त्रिमित चित्रांचा आरोप फार मोठा करून सांगितला गेला. पहिल्या वर्षांतलं ॲनिमेशन कोरडं आहे, घराच्या भिंती रिकाम्या दिसतात, हे मान्य. पण त्रिमितीने चित्रपट्टीचा जीव जातोच असं नाही. २०१५ च्या ‘द पीनट्स मूव्ही’ने शुल्झ यांच्या पात्रांच्या ठरावीक मुद्रा आणि चेहऱ्यावरच्या पेनाच्या रेषा त्रिमित देहावरही जपल्या आणि जुन्या वाचकांनी त्याला भरभरून दाद दिली.

अडचण आहे ती गारफिल्डला काय करायला लावलं यात. पट्टीच्या तीन चौकटींत गारफिल्ड बहुधा काहीच करत नाही. पहिल्या चौकटीत जॉन काही बोलतो, दुसरीत शांतता, तिसरीत बोक्याच्या मनातलं एक वाक्य. ती मधली रिकामी चौकट हीच डेव्हिस यांची करामत. ‘गारफिल्ड अँड फ्रेंड्स’मधल्या गोष्टी सात मिनिटांच्या आसपास असत आणि अर्ध्या मिनिटाचे चुटके वेगळे असत, तिथे ती शांतता टिकून होती. अकरा-बारा मिनिटांच्या गोष्टीला कथानक लागतं, संकट लागतं, पाठलाग लागतो. म्हणून मग बोक्याच्या आवडत्या लझान्याच्या आकाराचे परग्रहवासी येतात, व्हिटोच्या पिझ्झेरियावर गंडांतर येतं, जॉनच्या जुळ्या पुतण्या घर डोक्यावर घेतात. एरवी उशीवरून न हलणारा बोका शहरभर धावतो. काही गोष्टी खरोखर रंगतात, काहींत तो कुठल्याही कार्टूनमधला कुठलाही प्राणी होतो. जुन्या प्रेक्षकांना काहीतरी हरवल्यासारखं वाटलं ते यामुळे, आणि समोर दिसणारा सर्वांत ठळक बदल चित्राचा होता म्हणून दोष चित्राला गेला.

याच मालिकेच्या बाजूने मात्र एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. लेखनाची आणि आवाजांची सूत्रं इव्हॅनियर यांच्याकडेच होती आणि त्यांनी जुन्या काळच्या मोठ्या आवाजांना पुन्हा माइकपुढे आणलं. जून फोरे हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. रॉकी नावाच्या उडत्या खारीपासून कित्येक कार्टूनांत ज्यांचा आवाज घुमला, त्या फोरे यांना ‘द गारफिल्ड शो’तल्या मिसेस कॉल्ड्रन या भूमिकेसाठी २०१२ मध्ये डे-टाइम एमी मिळाली. तेव्हा त्या ९४ वर्षांच्या होत्या आणि स्पर्धेतली ती त्यांची पहिलीच एमी होती. ज्या मालिकेला जुने प्रेक्षक परंपरा तोडणारी म्हणत होते, तिनेच अमेरिकन कार्टूनच्या आवाजांची परंपरा इतक्या प्रेमाने जपली. हे त्या रागाच्या भरात फार थोड्यांनी पाहिलं.

आणि मुलं? त्यांचा निकाल सर्वांत साधा आहे. मालिका पाच पर्वं आणि जवळपास आठ वर्षं, २०१६ पर्यंत चालली. मी तिचे भाग लहान मुलांबरोबर बसून पाहिले आहेत. ओडी आदळला की ती हसतात, स्क्वीक उंदीर गारफिल्डशी सौदा करतो तेव्हा लक्ष देऊन ऐकतात, आणि गारफिल्ड थेट आपल्याकडे वळून बोलला की त्यांना तो आपल्यालाच सांगतोय असं वाटतं. ते जुनं गुपित त्यांच्यापुरतं शाबूत आहे, फक्त आवाज वेल्कर यांचा आहे. या मुलांच्या मनात म्युझिक नाहीत, मरे नाहीत. त्यांच्यासाठी हीच मूळ प्रत.

याचा पडताळा पुढच्या चित्रपटाच्या वेळी आला. २०२४ च्या ‘द गारफिल्ड मूव्ही’साठी ख्रिस प्रॅट यांचं नाव २०२१ च्या अखेरीस जाहीर झालं तेव्हा गदारोळ उठला, आणि या वेळी तक्रार करणाऱ्यांत विशीतले, वेल्कर यांच्या आवाजावर वाढलेले तरुणही होते. दीड दशकापूर्वी ज्याला नकली म्हटलं गेलं तो आवाज आता अस्सल ठरला होता. या चित्रपटाचं एक सूत्र आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. त्याचं ॲनिमेशन डीएनईजीने केलं; मुंबईत १९९७ मध्ये सुरू झालेल्या प्राइम फोकसशी ही कंपनी २०१४ पासून जोडलेली आहे आणि तिचे नमित मल्होत्रा या चित्रपटाच्या निर्मात्यांपैकी आहेत. हिंदीत गारफिल्डला वरुण शर्मा यांचा आवाज मिळाला. हिंदीतून पहिल्यांदाच गारफिल्ड भेटलेल्या मुलांसाठी तो आवाज मूळचा ठरेल. चित्रपटाने जगभरात २५ कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली आणि समीक्षकांनी पुन्हा तोच जुना आक्षेप घेतला: आगगाड्यांवरून उड्या मारणारा, दरोड्यात सामील होणारा गारफिल्ड हा गारफिल्ड राहतो का? हा आक्षेप योग्य आहे. आवाजाबद्दलचा राग पिढीगणिक बदलतो. हा आक्षेप मात्र २००९ पासून जागेवर आहे, कारण तो पात्राच्या स्वभावाबद्दल आहे.

२०१९ मध्ये व्हायाकॉमने डेव्हिस यांची पॉज ही कंपनी घेतली आणि निकलोडियनसाठी नव्या मालिकेचा मनोदय तेव्हाच जाहीर केला. पुन्हा आवाज बदलेल, पुन्हा चित्र बदलेल, पुन्हा मोठी माणसं हिरमुसतील. त्या वेळी प्रेक्षकांनी मागावं असं माझ्या मते एकच आहे: बोक्याला झोपू द्या. गोष्टी छोट्या ठेवा, मधली रिकामी चौकट परत आणा, आणि त्याच्या मनातलं वाक्य लिहायला इव्हॅनियर यांच्या तोलाचा लेखक शोधा. एवढं झालं तर आवाज कुणाचाही असला तरी मुलं त्याला गारफिल्ड म्हणतील, आणि मोठेही थोडे कुरकुरत का होईना, पूर्ण भाग बघतील.